खळ्यावरचा वाटा

खोपोली मागे टाकून बोरघाट चढू लागले, की वाटेत शिंग्रोबाचे देऊळ लागते. मालमोटारीचा चालक कितीही घाईत असो, तिथे त्याचा हात खिशाकडे जातो आणि धावत्या गाडीतून एखादे नाणे देवळाच्या दिशेने भिरकावले जाते. कथा अशी सांगतात, की आगगाडीसाठी घाटातून मार्ग काढताना गोरा साहेब थकला; त्याला वाट सापडेना. तेव्हा शिंग्रोबा नावाच्या एका धनगराने, आपली गुरे ज्या वाटेने चढत-उतरत, ती वाट त्याला दाखवली. साहेब खूश झाला आणि म्हणाला, "माग, काय हवे ते." धनगर म्हणाला, "आमचा मुलूख आम्हांला परत द्या." साहेबाने त्याला गोळी घातली.

आता ही कथा कागदोपत्री सिद्ध व्हायची नाही. पण कागदोपत्री जे सिद्ध आहे, तेही काही कमी बोलके नाही. बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातून आगगाडी सुरू झाली. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल. १८६१ च्या सुरुवातीला एका वेळी सुमारे ४२,००० माणसे या डोंगरावर राबत होती. पटकीच्या साथीने त्यांतली किती गेली याचा धड हिशेब कुणी ठेवला नाही. १८५९ च्या जानेवारीत मजुरी वेळेवर आणि पुरती मिळेना म्हणून मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल नावाचा नवा कंत्राटदार विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले आणि कामाची सारी व्यवस्था लावून दिली. बाई हिमतीची खरी! परक्या मुलखात, पदरी दुःख असताना, असले काम अंगावर घेणे सोपे नव्हे. तिचे नाव इतिहासात राहिले, आणि ते राहावेही. पण त्या बेचाळीस हजारांतले एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. लोकांनी म्हणून आपले एक नाव उभे केले, त्याला देऊळ बांधले, आणि येता-जाता त्याचा राहून गेलेला वाटा ते त्याच्यापुढे टाकीत आले, असे मला आपले वाटते.

'वाटा' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. समाजातली विषमता आणि समाजाचा एकोपा यांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. २००९ साली रिचर्ड विल्किन्सन आणि केट पिकेट या दोघा इंग्रज अभ्यासकांनी 'द स्पिरिट लेव्हल' नावाचे पुस्तक लिहिले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. ते पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊनच वाचले. श्रीमंत देशांचे आकडे शेजारी शेजारी मांडून ते सांगतात, की वरच्यांच्या आणि खालच्यांच्या मिळकतीत जिथे फार अंतर असते, तिथे माणसांचा एकमेकांवरचा विश्वास घटतो, आजार वाढतात, तुरुंग भरतात. जपान आणि स्वीडन-नॉर्वेकडचे देश एका टोकाला. अमेरिका, इंग्लंड, पोर्तुगाल दुसऱ्या टोकाला. त्यांनी देश सोयीने निवडले, असा आक्षेप काही विद्वानांनी घेतला. तो वाद विद्वानांचा. त्यात मी पडत नाही. माझ्या मनात शंका आली ती निराळीच. आमच्या जुन्या गावात विषमता काय थोडी होती? तरी म्हातारी माणसे सांगतात, की पूर्वी गावात एकोपा होता. मग ती खोटे बोलतात, की त्या एकोप्याचा अर्थच वेगळा होता?

कर्जत-खालापूरकडचे भाताचे खळे डोळ्यांसमोर आणा. झोडणी झाली, रास पडली, की सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, चांभार, महार आपापले बलुते न्यायला येत. हे दान नव्हते. वर्षभर नांगर भरला, फाळ शेवटला, डोई केली, सांगावा पोचवला, त्याचा तो वाटा होता. धनी कितीही चिक्कू असला, तरी त्याला तो नाकारणे जड जाई. गावात नाचक्की होई. गावाला गाव बांधलेले होते ते या राशीने. म्हातारी माणसे ज्याला एकोपा म्हणतात तो हा, आणि तो खोटा नव्हता.

पण खळ्यावर कुणी कुठे उभे राहायचे, कुणाच्या पदरात वरून टाकायचे, कुणी लांबूनच हाक घालायची, हेही त्या राशीबरोबरच ठरलेले असे. वाटा होता, मान नव्हता. आणि वाटा जन्माने मिळत असल्यामुळे त्यातून सुटायची सोय नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोम फार लवकर ओळखली. याच जुन्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. पुढच्याच वर्षी महार वतनाचा कायदा बदलण्यासाठी त्यांनी मुंबईच्या कौन्सिलात विधेयक आणले आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे. वतनावर पाणी सोडा असे आपल्याच लोकांना सांगणे किती कठीण असेल! हातचा तुकडा तोच पायातली बेडी, हे पोट रिकामे असताना पटायला वेळ लागतो.

कातकरी आणि ठाकूर हे तर त्या खळ्याच्या हिशेबातही नव्हते. कातकऱ्याने खैर तोडून कात पाडावा, कोळसा पाडावा. ठाकराने डोंगरउतारावर दळी लावून नाचणी-वरी पिकवावी. पावसाळ्यात धान्य संपले की सावकाराकडून मण न्यावा आणि सुगीला सवाईने नाहीतर दीडीने फेडावा. चार महिन्यांत मणाचा दीड मण! गणिताच्या तासाला हे व्याज मी मुलांकडून वर्षाच्या दराने काढवून घेतो. उत्तर आले की मुले एकमेकांकडे पाहून हसतात. त्यांना वाटते, मास्तरांनी उदाहरण मुद्दाम फुगवून घातले असणार.

या खळ्यावरून एक दिवस विजेची तार गेली.

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा धो धो पाऊस लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे अडवायचा, ते पाणी नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीला सोडायचे, आणि त्यावर चाललेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. ते १९०४ साली वारले. काम १९११ साली सुरू झाले आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोचली. १९२२ साली कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे वीजघर चालू झाले. कल्पना भव्य होती, यात वाद नाही. गिरण्यांच्या धुरांड्यांचा धूर कमी झाला, कोळशाचा खर्च वाचला. पण ती तार भातशेतांवरून, वाड्यांवरून, करवंदीच्या जाळ्यांवरून सरळ मुंबईला गेली. वाटेत उतरली नाही. मी शाळेत नोकरीला लागलो तेव्हा खोपोलीच्या पहिल्या विजेला पंच्याऐंशी वर्षे होत आली होती आणि आमच्या वाडीत रॉकेलची चिमणी जळत होती. वाडीतून रात्री पाहिले, की लांबवर वीजघराच्या दिव्यांची रांग दिसे. पोरांना ती कुठल्या तरी जत्रेसारखी वाटे.

त्या काळी असे कुणाला सुचलेच नाही, असे म्हणून सोडून द्यावे, तर सुचले होते. नॉर्वे हा तेव्हा गरीब देश. मासे धरावेत, डोंगरातल्या चिंचोळ्या पट्टीत ओट पेरावा, आणि ते पुरेना की अमेरिकेचे जहाज गाठावे. त्यांच्याकडेही डोंगर आणि धबधबे. परदेशी भांडवलवाले ते धबधबे विकत घेऊ लागले, तेव्हा तिथल्या लोकसभेने आधी घाईघाईने निर्बंध घातले आणि मग १९०९ व १९१७ साली नीट कायदे केले. ठराविक वर्षांनी खासगी कंपनीचे धबधबे आणि वीजघरे सरकारजमा व्हावीत, असे ठरले. आणि १९१७ च्या कायद्यात असेही ठरले, की ज्या गावांच्या हद्दीतले पाणी अडवले जाईल, त्यांच्या स्थानिक पंचायतीला त्या विजेतला दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा मागता यावा, खेरीज वार्षिक रक्कमही मिळावी. मेहेरबानी म्हणून नव्हे, हक्क म्हणून. खोपोलीची वीज १९१५ सालची आणि हा कायदा १९१७ सालचा, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. दोन्हीकडे डोंगर तेच, पाणी तेच, यंत्रेही साधारण तीच. एका ठिकाणी खळ्यावरचा वाटा नव्या राशीवर पुन्हा मांडला गेला. दुसऱ्या ठिकाणी जुनी रास गेली, तिच्याबरोबर वाटाही गेला.

अर्थात त्यांना ते सोपे होते, हेही सांगितले पाहिजे. नॉर्वेने सरदारकी १८२१ सालीच कायद्याने मोडीत काढायला घेतली होती. गावचा शेतकरी लोकसभेत बसत होता. ज्याचे पाणी जाणार तोच कायदा करायला हजर होता. आमच्याकडे १९१५ साली कायदा करणारे कोण आणि पाणी जाणारे कोण? १९२१ साली घाटमाथ्यावर मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तो हाच प्रश्न विचारण्यासाठी. उत्तर मिळाले ते तुरुंगाचे. नॉर्वेचे गोडवेही बेताने गावेत. उत्तरेकडे रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांच्या मुलखात आल्टा नदी अडवायचे ठरले, तेव्हा १९७९ साली सामी तरुण राजधानीत लोकसभेसमोर उपोषणाला बसले होते. तिथेही डोंगरातला माणूस हिशेबातून सुटलाच होता.

अमेरिकेची तऱ्हा तिसरी. तिथे १९३५ च्या सुमारास शहरांत घरोघर दिवे होते, आणि शेतावरच्या दहा घरांत जेमतेम एका घरी वीज. कंपन्यांना लांब लांब तारा ओढणे परवडेना. तेव्हा रूझवेल्ट सरकारने ग्रामीण वीज योजना काढली आणि शेतकऱ्यांनी पाच-पाच डॉलर भरून सहकारी मंडळ्या केल्या. तार उतरली ती मंडळीच्या नावाने. दक्षिणेकडच्या काळ्या कुळांच्या झोपड्यांना मात्र बराच काळ थांबावे लागले. जमीनच त्यांची नव्हती, मग खांब कुणाच्या नावाने रोवायचा?

तर आमच्याकडे ती तार १९४२ साली खाली आणली गेली. निराळ्या रीतीने.

माथेरानच्या एका गरीब न्हावी कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. शिकून ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सगळा मुलूख त्यांना भाई कोतवाल म्हणतो. 'चले जाव'च्या चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. तार तुटली की गिरणी थांबे, युद्धाचा माल थांबे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील गोळीला बळी पडले. भाईंचे वय तेव्हा तीस.

हे सारे आपल्या मुलांना ठाऊक आहे. दर वर्षी सिद्धगडावर लोक जमतात, भाईंवर चित्रपटही निघाला आहे. मला त्यांचे दुसरे एक काम फार मोलाचे वाटते, ज्याच्याविषयी भाषणे कमी होतात. दस्त्याच्या आधी त्यांनी गावोगाव शाळा काढल्या आणि शेतकऱ्यांसाठी धान्याचे कोठार सुरू केले. सुगीला शेतकऱ्याने थोडे थोडे धान्य कोठारात घालावे, पावसाळ्यात अडलेल्याने न्यावे, म्हणजे सावकाराच्या ओटीवर जायला नको. ज्या जातीला बलुत्याच्या पेंढीसाठी दुसऱ्याच्या खळ्यावर उभे राहावे लागे, त्या जातीत जन्मलेल्या माणसाने हे कोठार काढले! त्यात वाटा होता, पण तो जन्माने ठरलेला नव्हता. घालील त्याचा आणि अडेल त्याचा. जुन्या गावचा एकोपा ठेवून त्याची शिडी तेवढी काढून टाकली, असे हे काम होते. मनोरे पाडायला धाडस लागते. पण शंभर घरांकडून पायली-पायली धान्य गोळा करणे, ते उंदरांपासून राखणे आणि मागायला येणाऱ्याला ओशाळे न करता देणे, याला लागणारा धीर मला तरी जास्त अवघड वाटतो. पुढच्या काळात कशेळ्याच्या 'अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स' या संस्थेने कर्जतच्या आदिवासी वाड्यांवर धान्यबँका चालवल्या. कल्पना मुळात किती साधी आणि किती टिकाऊ आहे, ते त्यावरून दिसते.

जमिनीची गोष्ट थोडक्यात सांगतो. १ एप्रिल १९५७ रोजी कुळकायद्याने कसेल तो मालक झाला. कायदा चांगला. जपानमध्ये महायुद्धानंतर, १९४६ पासून, असाच कायदा झाला आणि चारेक वर्षांत कुळांकडची जमीन निम्म्याच्या जवळपास होती ती दहा टक्क्यांवर आली. फरक कशात पडला? जपानात गावोगाव दहा जणांची निवडून दिलेली समिती होती आणि त्या दहांत पाच कुळे, तीन जमीनदार, दोन स्वतः कसणारे. कोण कुठली जमीन कसतो, हे कुळांच्या समोर ठरले. आमच्याकडे ते कागदाने ठरले. ज्याचे नाव पीकपाण्याच्या दाखल्यात, तो मालक. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी बोलीने कसणाऱ्या कितीतरी ठाकूर-कातकऱ्यांचे नाव त्या कागदावर कधी चढलेच नव्हते. दळीच्या जमिनींचे दावे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आजही चालू आहेत. मधल्या काळात रस्त्याकडेच्या जमिनींना फार्महाऊसचे भाव आले, आणि कागदात नाव असलेल्यांतल्याही पुष्कळांनी त्या विकून टाकल्या. त्याच जमिनीवर आज ते माळी म्हणून कामाला जातात.

जपानचाच विषय निघाला म्हणून सांगतो. माणसाने ओढायची रिक्षा निघाली ती जपानात, १८७० च्या सुमारास. तिथे आता ती पर्यटकांच्या हौसेपुरती उरली आहे. ती आमच्या माथेरानला मात्र पोटासाठी राहिली. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट या डोंगरावर चढला, १९०७ साली छोटी आगगाडी आली, पण मोटारींना बंदी असल्यामुळे गावात माणसे नेण्याचे काम घोड्यांनी आणि माणसांनी केले. पुढे एक ओढणारा, मागे दोन ढकलणारे. मोटारबंदीने झाडे वाचली, हवा स्वच्छ राहिली. तिची किंमत कुणाच्या छातीने भरली, हे चढावर रिक्षा पाहिली की कळे. ओढणाऱ्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे दाद मागितली. २०२२ च्या डिसेंबरात काही ई-रिक्षा चाचणीदाखल आल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा आदेश दिला. ई-रिक्षा आधी परवानाधारक ओढणाऱ्यांच्याच हाती द्याव्यात आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही बजावले. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. नुसती रिक्षा बंद केली असती, तर पाहणाऱ्याची टोचणी गेली असती आणि ओढणाऱ्याची भाकरी. घोडेवाल्यांनी ई-रिक्षांना विरोध केला. त्यांच्यावर रागावू नये. त्यांचा वाटा कुठून येणार, हे त्यांना अजून कुणी सांगितलेले नाही.

आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ही ठाकूरवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले. ५७ जणांचा पत्ता लागला नाही, आणि चौथ्या दिवशी शोध थांबवण्यात आला. पायथ्यापासून थोड्या अंतरावरून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो, पण वाडीला गाडीचा रस्ता नव्हता. भर पावसात, निसरड्या पायवाटेने, कुदळ-फावडी खांद्यावर घेऊन माणसे चढली, कारण यंत्र वर नेता येईना. गडावर चढण्याची आवड असलेली शहरातली पोरे आली, आसपासच्या वाड्यांची माणसे आली. वर चढताना अग्निशमन दलाचा एक जवान जीव गमावून बसला. त्या चार दिवसांत कुणी कुणाची जात विचारली नाही, हे मी खात्रीने सांगतो. एकोपा आमच्यात नाही, असे कोण म्हणेल? पण तो चिखल उपसायला आला. वाचलेल्यांसाठी चौकजवळ सिडकोने पक्की घरे बांधली. तिथे रस्ता आहे, दिवे आहेत. डोंगर मात्र लांब गेला, आणि ज्याच्यावर पोट होते ते रानही.

आता दिवाळी आली आहे. अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे भाताची कापणी चाललेली असेल. भाऊबीज झाली की कातकरीवाड्यांवर वीटभट्टीच्या शेठचा टेंपो येईल. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला घरेच्या घरे भांड्याकुंड्यांसह त्यात चढतील आणि मे महिन्यापर्यंत परतणार नाहीत. वेठबिगारी १९७६ साली कायद्याने बंद झाली आहे. उचलीची वही मात्र शेठपाशीच असते. माझ्या वर्गाच्या पटावर तेव्हा अकरा नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा पडू लागतील.

या वर्षी चौथीतल्या एका मुलीला तिच्या आजीने वाडीवरच ठेवून घ्यायचे ठरवले आहे. आजीच्या एकटीच्याने ते निभणारे नाही, म्हणून मागे राहणाऱ्या तीन घरांनी तांदूळ काढून ठेवला आहे. कुणी किती दिला, ते आजीने मुलीकडूनच भिंतीवर कोळशाने लिहवून घेतले. दोन पायली, दीड पायली, आणि तिसऱ्या घरापुढे सध्या मोकळी जागा आहे. त्यांची झोडणी अजून व्हायची आहे.